हाक आली कुठून?

आमच्या अब्बांबद्दल सावलीत एक तक्रार बरीच वर्षे चालली. मशिदीतून बाहेर पडताना कोणी उजवीकडून सलाम केला, तर अब्बा थांबायचे, हात हातात घ्यायचे, घरच्यांची खुशाली विचारायचे. डावीकडून केला, तर जबाब न देताच पुढे निघून जायचे. बघणाऱ्यांना वाटे, कापडाचा धंदा बरा चालू लागला म्हणून माणसाला मिजास आली. एका लग्नात एका नातेवाइकाने तर चारचौघांत सुनावले, "सलामाला जबाब देण्याइतकीही फुरसत नाही का?" अब्बा त्या दिवशी घरी येऊन बराच वेळ गप्प बसले. मग अम्मीला एवढेच म्हणाले, "त्याने सलाम केला, हे मला कळलेच नाही."

अब्बांचा डावा कान लहानपणी वाहत असे. दादीने तेल घातले, लसणाचे तेल घातले, शेजारणीने सांगितलेले सगळे केले. कान वाहणे कधी थांबले आणि ऐकू येणे कधी बंद झाले, हे कोणाच्याच ध्यानात राहिले नाही. उजवा कान चांगला होता. बोलणे ऐकू येई, हिशेब चुकत नसे. त्यामुळे घरात सगळ्यांचे एकच म्हणणे, "एका कानाने ऐकू येते ना, मग काय बिघडले?"

काय बिघडते, तेच या लेखात सांगायचे आहे. दुसरा कान म्हणजे गाडीला मागे लावलेली स्टेपनी नव्हे, की एक निकामी झाला तर दुसरा तेच काम करील. आवाज आहे, हे एका कानाला कळते. आवाज कुठून आला, हे कळायला दोन्ही कान एकाच वेळी लागतात. आणि आपण राहतो त्या भागात "कुठून" हा प्रश्न कधी कधी जिवाचा असतो.

डोळे पानावर, कान पाठीवर

सावली तालुक्याच्या एका अंगाला वैनगंगा आहे, पलीकडे गडचिरोली जिल्हा. उरलेल्या बाजूंना धानाची शेते, बोड्या, आसोलामेंढ्याचा तलाव आणि जंगल. सावलीचे वनपरिक्षेत्र ब्रह्मपुरी वनविभागात येते, आणि या विभागात ताडोबाच्या बाहेरही वाघ आहेत. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले वेचायला आणि मे महिन्यात तेंदूपत्ता तोडायला पहाटेच माणसे रानात शिरतात. वाकून काम करणाऱ्या माणसाला समोरचे दोन हात दिसतात, मागचे काही दिसत नाही. मे २०२५ मध्ये शेजारच्या सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन महिला एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. त्या बातमीने या भागातले एकही घर अस्वस्थ झाल्यावाचून राहिले नाही.

तेंदूच्या हंगामात आमच्या मोहल्ल्यातल्या जुन्या बायका नव्या सुनांना सांगतात, "डोरे पानावर, कान पाठीवर." वाघ बहुधा मागून येतो आणि आवाज न करता येतो. कान कितीही तीक्ष्ण असले, तरी प्रत्येक वेळी वाचवतील असे नाही. पण वाघाआधी रान बोलते. वानर खकाटते, चितळ ओरडते, वाळलेल्या पानांत काही तरी सरकते. अशा वेळी "काही तरी ओरडले" एवढे कळून भागत नाही. नाल्याकडून ओरडले की पांदणीकडून, हे कळले तरच कोणत्या बाजूला सरकायचे ते ठरते.

डोळे फक्त समोरचे आणि थोडे बाजूंचे पाहतात. कान चारही दिशांचे, अंधारातले आणि झाडामागचेही ऐकतात. डोळे मिटता येतात, कान मिटता येत नाहीत. झोपेतही पहारा देणारी ही इंद्रिये आहेत.

सेकंदाचा लाखावा भाग

आता हे काम होते कसे, ते पाहू. समजा उजवीकडे कोणी टाळी वाजवली. आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४३ मीटर वेगाने जातो. तो आधी उजव्या कानात पोचतो. डाव्या कानापर्यंत जायला त्याला डोक्याला वळसा घालावा लागतो. हा जादा रस्ता असतो सुमारे २२-२३ सेंटिमीटर. त्याला लागणारा वेळ सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी, सुमारे ०.६५ मिलिसेकंद. पापणी लवायला लागणाऱ्या वेळेचा हा शंभरावा भागही नाही. एवढ्या फरकावरून मेंदू सांगतो, "आवाज उजवीकडचा."

हा झाला जास्तीत जास्त फरक. आवाज जवळजवळ समोरून येत असेल, तर फरक आणखी बारीक होतो. चांगल्या कानांचा माणूस सेकंदाच्या सुमारे एक लाखाव्या भागाचा फरकही ओळखू शकतो. म्हणूनच समोरच्या बाजूला एक अंशभर सरकलेला आवाजही आपल्याला सरकल्यासारखा वाटतो.

दुसरी खूण आवाजाच्या जोराची. बारीक, टिपेचा आवाज डोक्याला वळसा घालू शकत नाही. डोके आड येते आणि पलीकडच्या कानावर आवाजाची सावली पडते. तिथे तो मंद ऐकू येतो. जाड, घुमणारा आवाज मात्र सहज वळसा घालतो, त्याची सावली पडत नाही. म्हणून जाड आवाजासाठी मेंदू वेळेचा फरक वापरतो आणि बारीक आवाजासाठी जोराचा. ही दुहेरी रीत इंग्रज शास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांनी १९०७ मध्ये मांडली.

रॅले यांनी त्याआधी, १८७६ च्या सुमारास, एक साधा प्रयोग केला होता. ते हिरवळीवर डोळे मिटून उभे राहिले आणि मदतनीस त्यांच्या भोवती उभे राहून एकेक जण बोलू लागला. कोण कुठे उभा आहे, हे त्यांना बरोबर सांगता आले. मग माणसांच्या आवाजाऐवजी त्यांनी एकाच सुराचा आवाज देणारे ध्वनिकाटे वाजवून घेतले. आता डावे-उजवे कळले, पण पुढे की मागे ते कळेना.

हा प्रयोग आपल्या अंगणात मुलांसोबत करता येतो. एकाला डोळे बांधून मध्ये बसवा, बाकीच्यांनी गोल उभे राहून हळूच त्याचे नाव घ्यावे. त्याने बोट दाखवायचे. नंतर त्याचा एक कान तळहाताने घट्ट दाबून पुन्हा खेळा. बोट किती चुकते ते पाहा. अब्बांना आयुष्यभर कसे वाटत असेल, हे मला या खेळात पहिल्यांदा समजले.

दुसरा खेळ गवंड्याच्या लेव्हल-पाइपचा. पाण्याची पातळी पाहायला गवंडी जी लांब नळी वापरतात, तसा दोन मीटरचा स्वच्छ, कोरडा तुकडा घ्या. तिची दोन टोके दोन्ही कानांशी धरा, आत खुपसू नका. नळी पाठीमागून जाऊ द्या. दुसऱ्याने नळीच्या बरोबर मध्यावर नखाने टिचकी मारली, तर आवाज डोक्याच्या मधोमध वाटतो. मध्यापासून दोन बोटे डावीकडे मारली, की आवाज डावीकडे सरकतो. दोन्ही बाजूंना आवाजाचा जोर जवळपास सारखाच असतो. फरक फक्त वेळेचा असतो, तोही सेकंदाच्या काही हजारांश भागाहून लहान. तेवढाच मेंदूने टिपलेला असतो.

गव्हाणी घुबड आणि गल्लीतली दोन मुले

एवढा लहान वेळ मेंदू मोजतो कसा? १९४८ मध्ये लॉइड जेफ्रेस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने एक कल्पना मांडली. ती अशी समजून घ्या. एका लांब गल्लीच्या दोन टोकांकडून दोन मुले सारख्या वेगाने धावत निघाली. दोघे एकाच वेळी निघाले, तर मधल्या घरासमोर भेटतील. उजवीकडचा आधी निघाला, तर तो जास्त अंतर कापेल आणि भेट डावीकडच्या एखाद्या घरासमोर होईल. भेट कोणत्या दारात झाली, यावरून आधी कोण निघाले ते कळते. घड्याळ लागत नाही. जेफ्रेस यांचे म्हणणे होते की दोन्ही कानांचे संदेश मेंदूत असेच समोरासमोर धावत येतात, आणि ज्या पेशीजवळ दोन्ही एकाच वेळी पोचतात ती पेशी पेटते. कोणती पेशी पेटली, तीच दिशा.

ही गल्ली खरोखर सापडली ती गव्हाणी घुबडाच्या मेंदूत. पडक्या घरांत, जुन्या इमारतींच्या वळचणीला राहणारे, पांढऱ्या बदामी तोंडाचे हे घुबड आपण अपशकुनी म्हणून हाकलतो. ते किर्र अंधारात फक्त आवाजावरून उंदीर पकडते. एरिक नडसन आणि मासाकाझू कोनिशी या शास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये दाखवले की या घुबडाच्या मेंदूत आवाजाच्या दिशांचा जणू नकाशाच असतो. एकेक पेशी एकेका दिशेला राखलेली. त्याचा एक कान दुसऱ्यापेक्षा थोडा वर असतो. त्यामुळे आवाज वरून आला की खालून, हेही त्याला दोन कानांमधल्या जोराच्या फरकावरून कळते.

माणसाच्या मेंदूत तंतोतंत असाच नकाशा आहे असे आता मानले जात नाही. सस्तन प्राण्यांत मेंदूच्या डाव्या आणि उजव्या भागांतील पेशी किती जोराने पेटतात, याची तुलना होत असावी, असे बऱ्याच संशोधकांना वाटते. त्यावर अजून वाद चालू आहे. पण एक गोष्ट सगळ्यांना मान्य आहे. हे मोजमाप कानात होत नाही, मेंदूत होते, आणि त्यासाठी दोन्ही कानांकडून खबर यावी लागते.

कानाच्या पाळीचे काम

समोरून आणि मागून येणारा आवाज दोन्ही कानांत एकाच वेळी पोचतो. मग पुढचे-मागचे कसे कळते? त्यासाठी बाहेरचा कान आहे. त्याच्या घड्या, खळगे, कडा उगाच नाहीत. वरून, खालून, पुढून, मागून येणारा आवाज या घड्यांवर आपटून थोडा वेगळा होऊन आत जातो. आपल्या कानाची घडण मेंदूने लहानपणापासून पाठ केलेली असते. त्या बदलावरून तो दिशा ओळखतो.

हे खरे आहे का, ते नेदरलँडमधील संशोधकांनी १९९८ मध्ये पाहिले. पॉल हॉफमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही माणसांच्या कानांच्या खळग्यांत छोटे साचे बसवले. कानाचा आकार बदलला, आणि वरचा आवाज की खालचा हे त्यांना सांगता येईना. पण साचे लावूनच ती माणसे रोजचे जीवन जगत राहिली आणि काही आठवड्यांत मेंदूने नवा कान शिकून घेतला. साचे काढल्यावर काय झाले? जुना कानही मेंदू विसरला नव्हता. दोन्ही भाषा बोलणाऱ्या माणसासारखा तो लगेच जुन्यावर आला.

तरीही शंका राहिली, तर आपण मान वळवतो. चितळ कान फिरवते, आपल्याला ते जमत नाही, म्हणून डोके फिरवावे लागते. डोके उजवीकडे वळवले आणि आवाज डाव्या कानाला आधी येऊ लागला, तर तो समोरचा. उजव्या कानाला आधी आला, तर मागचा. रानात काही वाजले की माणूस आधी स्तब्ध होतो, मग मान हळूच फिरवतो. ही भित्रेपणाची खूण नव्हे, मेंदूने मागितलेली दुसरी खबर आहे. बोलणाऱ्याच्या बाजूनेही दिशेला महत्त्व आहेच. लाउडस्पीकर नव्हता तेव्हापासून मुअज्जिन अजान देताना एका ठिकाणी उजवीकडे आणि मग डावीकडे मान वळवतो. त्यामुळे पुकार दोन्ही बाजूंच्या वस्तीकडे जाते.

काही आवाज सापडत का नाहीत?

घरात मोबाइल वाजतो आणि सगळे जण उशा, चादरी, कपाट उलथे करतात. रातकिडा कोपऱ्यात किरकिरतो आणि रात्रभर सापडत नाही. याचे कारण त्या आवाजातच आहे. ज्या आवाजात एकच बारीक सूर असतो आणि जो मध्यम टिपेचा असतो, त्याच्यासाठी वेळेची खूण नीट चालत नाही आणि जोराची खूणही पुरेशी मिळत नाही. उलट टाळी, खोकला, वाळलेल्या पानांची चुरचुर, फाटक्या आवाजातली हाक यांत जाड-बारीक सगळे सूर मिसळलेले असतात, आणि असा आवाज अचानक सुरू होतो. तो लगेच सापडतो.

पक्ष्यांनाही हे ठाऊक असावे असे दिसते. १९५५ मध्ये पीटर मार्लर यांनी दाखवले की ससाणा वर घिरट्या घालत असेल, तेव्हा काही लहान पक्षी पातळ, लांबट, हळूच सुरू होऊन हळूच संपणारा आवाज काढतात. सोबत्यांना इशारा मिळतो, पण ओरडणारा कुठे बसला आहे ते शिकाऱ्याला सापडत नाही. वानराचे खकाटणे मात्र तुटक आणि फाटके असते, त्याची जागा पटकन कळते. म्हणून रानात एकमेकींना बोलावताना लांब शिटीपेक्षा तुटक, खणखणीत हाक चांगली. ऐकणारीला ती कोणत्या बाजूने आली ते कळते.

भिंतींचा खेळ वेगळाच. गल्लीत अजानचा आवाज चार भिंतींवर आपटून चार वेळा कानाशी येतो, तरी आपल्याला मशीद एकाच जागी वाटते. पहिल्यांदा पोचलेल्या आवाजाची दिशा मेंदू धरतो आणि लगोलग येणाऱ्या प्रतिध्वनींना दिशा ठरवू देत नाही. पण मेंदूला फसवणारी जागाही आहे. विजापूरच्या गोलघुमटाची सहल अनेक घरांनी केलेली असेल. मुहम्मद आदिलशहाच्या या मकबऱ्याच्या सज्जात एका टोकाला भिंतीशी पुटपुटले, तर समोरच्या टोकाला ऐकू येते. आवाज गोल भिंतीला चिकटून सरकत जातो, म्हणून बोलणारा पलीकडे असूनही कुणी शेजारच्या भिंतीतून बोलल्यासारखे वाटते. सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनीही १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला अशा कुजबुजत्या सज्जांचा अभ्यास केला, त्यात गोलघुमट होता.

यंत्रांनी काय शिकले

हीच युक्ती माणसाने यंत्रांत आणली. पहिल्या महायुद्धात शत्रूची तोफ कुठे लपली आहे, हे शोधायला ब्रिटिश सैन्याने अंतराअंतरावर मायक्रोफोन मांडले. स्फोटाचा आवाज कोणत्या मायक्रोफोनला किती आधी पोचला, त्यावरून जागा काढली. हे काम विल्यम लॉरेन्स ब्रॅग या तरुण शास्त्रज्ञाने उभे केले.

१९३१ मध्ये ऍलन ब्लुमलाइन या इंग्रज अभियंत्याने स्टिरिओचे पेटंट मागितले. सिनेमात नट पडद्यावर एका बाजूला असतो आणि आवाज भलतीकडच्या स्पीकरमधून येतो, हे त्याला खटकत होते. दोन स्पीकरांना थोडा वेगळा आवाज दिला, की मेंदू मधल्या मोकळ्या जागेतही माणूस उभा करतो. आजच्या महागड्या इअरफोनमध्ये आवाज समोरून, मागून, वरून आल्यासारखा वाटतो. त्यासाठी कानाच्या घड्यांमुळे होणारा बदल मोजून गाण्यात आधीच मिसळलेला असतो. आपण मान वळवली तरी गाणारा जागच्या जागी राहावा, म्हणून काही इअरफोन डोक्याची हालचालही टिपतात.

ज्यांना कमी ऐकू येते त्यांच्यासाठी हे तंत्र करमणुकीचे नाही. दोन्ही कान कमजोर असताना पैसे वाचवायला एकच श्रवणयंत्र घेतले, तर आवाज मोठा होतो, पण दिशा नीट परत येत नाही. शक्य असेल तर दोन्ही कानांना यंत्र लावावे, असे तज्ज्ञ सांगतात ते याच कारणाने. चांगल्या जोडीतली दोन यंत्रे आता बिनतारी पद्धतीने एकमेकांशी बोलतात, म्हणजे दोन्ही बाजूंमधला जोराचा फरक बिघडत नाही. एक कान पूर्ण गेलेल्यांसाठी दुसरे यंत्र आहे. निकामी कानाकडचा आवाज ते चांगल्या कानात पोचवते. डावीकडचा सलाम मग ऐकू येतो. मात्र दिशा त्याने कळत नाही, कारण ऐकणारा कान शेवटी एकच. निकामी कानात कॉक्लिअर इम्प्लांट बसवल्यास काहींना दिशेचे भान बऱ्यापैकी परत मिळते. अमेरिकेत एका कानाच्या बहिरेपणासाठी या उपचाराला २०१९ मध्ये मान्यता मिळाली.

मूल ढ नाही, कान बंद आहे

सगळ्यात महत्त्वाचे आता. एका कानाने बहिरे असलेले बाळ हाकेला बघते, हसते, बोलायलाही शिकते. त्यामुळे घरात कोणाला शंका येत नाही. पुढे शाळेत गोंगाट असतो, बाईंचा आवाज निकामी कानाकडून येतो आणि मूल मागे पडू लागते. दोन कान असले की मेंदू गोंगाटातून हवा तो आवाज वेगळा काढतो. एका कानाला ते कठीण जाते. अमेरिकेतील व्हँडरबिल्ट विद्यापीठात फ्रेड बेस आणि ॲन मेरी थार्प यांनी १९८० च्या दशकात अशा ६० मुलांची पाहणी केली. त्यांतली ३५ टक्के मुले किमान एका इयत्तेत नापास झालेली होती. त्यांच्या बुद्धीत खोट नव्हती. आपण मात्र अशा मुलाला "लक्ष नाही", "मुद्दाम ऐकत नाही", "माजला आहे" म्हणतो. अब्बांना लोक म्हणत होते तेच.

वयाला यात किंमत आहे. नडसन यांनी गव्हाणी घुबडाच्या लहान पिलांचा एक कान बंद केला, तर पिलांनी त्या अवस्थेतच पुन्हा अचूक दिशा ओळखायला शिकून घेतले. मोठ्या घुबडांना ते जमले नाही. माणसाचे पिल्लू घुबड नव्हे, पण लहानपणी मेंदू जास्त शिकतो, हे आपल्यालाही लागू आहे. जितक्या लवकर कान तपासला, तितके चांगले.

घरात काय पाहावे? सहा महिन्यांच्या पुढचे बाळ आवाजाकडे मान वळवते का, आणि दोन्ही बाजूंना वळवते का. मोठे मूल हाक मारल्यावर भलतीकडे बघते का. फोन नेहमी एकाच कानाला लावते का. टीव्ही ऐकताना एकच कान पुढे करते का. मूल डोळे मिटून बसले असता एकेका कानाजवळ दोन बोटे चोळून पाहा, दोन्हीकडे सारखे ऐकू येते का विचारा. शंका आली, तर डॉक्टरकडे न्या आणि प्रत्येक कान वेगळा तपासायला सांगा. नवजात बाळाचीही झोपेत तपासणी होते, त्यात दुखत नाही.

कान वाहत असेल, तर तेल, दूध, लसूण, काडी यांतले काहीही आत घालू नका. पू थांबवणारी औषधे आहेत. पडद्याला छिद्र असेल, तर शस्त्रक्रियेने ते बंद करता येते. गालगुंडानंतरही काही मुलांचा एक कान जातो, म्हणून त्या आजारानंतर ऐकू येते का ते तपासून घ्या. मोठ्या माणसाचा एक कान अचानक बंद झाला, तर "मळ असेल" म्हणून आठवडा घालवू नका, त्याच दिवशी दाखवा. अशा बहिरेपणावर उपचार लवकर झाला तरच उपयोग होण्याची आशा जास्त असते.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्या आणि शाळांत मुले तपासायला येतात. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका, आणि कानाची शंका असेल तर स्वतः जाऊन सांगा. मोठ्या तपासणीसाठी चंद्रपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. मुंबईत वांद्रे येथे १९८३ मध्ये सुरू झालेली केंद्र सरकारची राष्ट्रीय संस्था आहे. महाराष्ट्राचे राज्यपाल राहिलेले अली यावर जंग यांचे नाव तिला दिलेले आहे. केंद्राच्या एडिप योजनेत पात्र मुलांना श्रवणयंत्र आणि कॉक्लिअर इम्प्लांटसाठी मदत मिळते, त्याची चौकशी तिथे करता येते.

एक कान गेलेल्या मुलाला वर्गात पुढे बसवा, आणि असे बसवा की चांगला कान बाई आणि बाकीच्या मुलांकडे राहील. डावा कान गेला असेल, तर डावीकडच्या रांगेत. खिडकीशी, रस्त्याच्या आवाजाजवळ नको.

आणि आपल्या तरुण मुलांना सांगायचे ते हे. दोन्ही कान चांगले असून ते इअरफोनने बुजवून मूल-गडचिरोली रस्त्यावर किंवा रानातल्या पांदणीवर निघणे म्हणजे देणगी हातची घालवणे आहे. हेल्मेट मात्र सोडू नका. ते आवाज थोडा कमी करते, पण डोके वाचवते.

अब्बा कापडाचे गठ्ठे बांधून सायकलवर आठवडी बाजारांना जायचे. मागून ट्रकचा हॉर्न वाजला, की ते सायकलवरून उतरून रस्त्याच्या कडेला उभे राहत आणि दोन्ही बाजूंना बघत. हॉर्न पुढचा की मागचा, त्यांना कळत नसे. आम्हा मुलांना त्याचे हसू यायचे. साठीनंतर एका डॉक्टरांनी दोन्ही कान वेगवेगळे तपासले, कागदावरची दोन रेघांची आकृती आम्हाला समजावली, तेव्हा ते हसू घशात अडकले.

आता आमच्या घरात नियम आहे. अब्बांशी बोलायचे तर उजव्या बाजूला बसायचे. रस्त्याने चालताना कोणी तरी त्यांच्या डावीकडे राहायचे. त्या नातेवाइकांनाही मी एकदा सगळे सांगितले. पुढच्या जुम्याला मशिदीबाहेर ते वळसा घालून अब्बांच्या उजवीकडे आले आणि म्हणाले, "अस्सलामु अलैकुम, भाईजान." अब्बांनी जबाब दिला, आणि त्यांचा हात बराच वेळ सोडला नाही.